वीरगळ खालून वाचायचा असतो

यल्लप्पा वडारानं घण उचलला तेव्हा माझी वही पाद्रीसाहेबांच्या हातात होती. दगड फुटणार होता तो त्या वहीमुळेच.

कॉलेजच्या सुट्टीत मी पुराणवस्तू खात्यात नकलनवीस होतो. गावोगावच्या कोरीव दगडांची चित्रं वहीत उतरवायची, एवढंच काम. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून वहीत चूक होण्याची फार धास्ती. बाळापूरजवळच्या एका खेड्यात चर्चचा पाया खणताना वीरगळ निघाला. लढून मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड म्हणजे वीरगळ. त्यावर एकाखाली एक तीन चौकटी होत्या. मी त्या उतरवल्या, वरून खाली नंबर घातले आणि हौसेनं पाद्रीसाहेबांना दाखवल्या.

त्यांनी पहिल्या नंबरावर बोट ठेवलं.

"पिंडीची पूजा?"

"जी."

"मग हे चर्चच्या आवारात कसं ठेवू? माझी मंडळी नुकतीच ख्रिस्ती झालीय. यल्लप्पा, फोड. पायाला दगड होईल."

"साहेब, ही कला आहे," मी चाचरत म्हणालो.

"उद्या तुमच्या कलेला शेंदूर लागेल. मग?"



"मालक, फोडायचा का पुजायचा, एक काय ते ठरवा," यल्लप्पा म्हणाला. "घण धरून हात भरून येऊन राहिले."

शेजारी प्रार्थनेसाठी घातलेल्या छपरात एक छापील चित्र टांगलेलं दिसलं. खाली उघडी कबर, वर ढगांत येशू. अशी चित्रं खालून वर वाचायची असतात, हे कॉलेजात शिकलो होतो. वीरगळही तसाच वाचायचा. मी नंबर उलटे घातले होते.

"साहेब, चूक माझी आहे! हा खालून वाचायचा. खाली बघा, चोर गावाच्या गाई नेऊन राहिलेत. हा एकटा आडवा आला अन् मेला. मधे अप्सरा त्याला वर नेतात. वर तो देवापाशी बसलाय. तुमच्या त्या चित्रासारखंच."

साहेबांनी चित्राकडे पाहिलं. मग दगडापुढे उकिडवे बसले आणि खालच्या चौकटीतली माती बोटानं काढली.

"सारखं न्हाई," ते म्हणाले. "प्रभू परत आला. हा गडी गेला तो गेलाच."

"जी."

"पण दुसऱ्यांसाठी गेला?"

"गाई साऱ्या गावाच्या होत्या."

ते उठले. "मग माझ्या हातून फुटायला नको. यल्लप्पा, घण ठेव. आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेला उभा करा."

"आता उचलायचा व्हय?" यल्लप्पा कुरकुरला. "त्यापरीस फोडणं सोपं होतं."

दगड रस्त्याकडेला उभा राहिला. तिथंच बसून मी तिन्ही नंबर खोडले आणि खालून पुन्हा घातले. वहीत खाडाखोड केली म्हणून खात्यातल्या साहेबांची बोलणी खाल्ली. कारण सांगायचा धीर झाला नाही. तेव्हापासून मी आधी दगड पुरता पाहतो, नंबर शेवटी घालतो.