डबा रिकामा, काटा जागेवर

नाहूरच्या चाळींमधल्या अंगणवाडीची सेविका सुलक्षणा तशी कुणाला हार जाणारी बाई नव्हे. पण दहा महिन्यांच्या ऋताने तिचं डोकं पार चक्रावून टाकलं होतं. दोन महिने झाले, वजन साडेसहा किलोवरून हलेना. आणखी घसरलं असतं तर पोरीला दवाखान्यात भरती करायची वेळ आली असती.

बरं, आई निष्काळजी म्हणावी तर तसंही नाही! ऋताची आई जान्हवी पवईच्या एका ऑफिसात रिसेप्शनला. सुलक्षणाने आयांच्या ग्रुपवर बाळाच्या आहाराचा व्हिडिओ टाकला रे टाकला की पहिलं उत्तर तिचं.

"खिचडी किती घट्ट?" सुलक्षणाने तिला विचारलं.

"चमचा तिरका केला तरी घसरणार नाही इतकी, ताई. वर तूप. सकाळी करूनच निघते. संध्याकाळी डबा एकदम रिकामा असतो."

मग जातं कुठे ते सगळं? सुलक्षणाने आधी काट्यावर संशय घेतला. त्यावर तांदळाची पिशवी ठेवून पाहिली. काटा बरोबर! डॉक्टरांनी तपासलं, जंत नाहीत, ताप नाही. तिला काही म्हणजे काही कळेना. व्हिडिओच खोटा की काय, असंही मनात येऊन गेलं.

शेवटी एका दुपारी ती न सांगता त्यांच्या घरी थडकली. ऋताचे आजोबा, गुणाजी, नातीला मांडीवर घेऊन बसले होते. जुने गिरणी कामगार, मूळचे कणकवलीकडचे. घास भरवायची वेळ होती. त्यांनी खिचडीत तांब्याभर गरम पाणी ओतलं, ढवळलं आणि चहाच्या गाळणीतून गाळलं. वर राहिलेला भात-डाळ आपल्या ताटात घेतला आणि पाणी ऋताला फुंकून फुंकून, लाडाने पाजायला लागले.

"अहो, हे काय करताय?" सुलक्षणा ओरडलीच.

"पोरीक दात नाय गो बाय. घट्ट घशात अडाकला तर? चोथा मी खातंय, फुकट नाय घालवत."

"पण व्हिडिओ नाही पाहिलात तुम्ही?"

"ता आयांसाठी ना? माका खय दाखवलास?"

सुलक्षणाने कपाळावर हात मारला. ग्रुपमध्ये बेचाळीस आया, त्यातल्या निम्म्या दुपारी कामावर. घरी भरवतंय कोण, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने हळू आवाजात त्यांना समजावून सांगितलं, की अंगाला लागतं ते त्या चोथ्यातलं, गाळलेल्या पाण्यातलं नव्हे.

गुणाजींनी ताटाकडे पाहिलं, मग नातीच्या काटकुळ्या हाताकडे.

"म्हणजे दोन म्हयने तिचा जेवाण मीच खाल्लंय?"

 सुलक्षणाने फोन पुढे केला आणि व्हिडिओ लावला. "प्रिय मातांनो," आतली बाई म्हणाली. गुणाजींनी डोळे पुसले आणि फोन जवळ ओढला.