मातीच्या डोक्यांची साक्ष

माझा मामा बसायचं काम करायचा. ऐकणारे हसतात, पण त्याचा पोटापाण्याचा उद्योग खरोखर तोच होता. कलाशाळेत लाकडी चौथऱ्यावर एक खुर्ची, तिच्यावर मामा आणि भोवती मातीत हात बरबटलेले विद्यार्थी. ते त्याचं डोकं घडवायचे आणि मामा दुपारभर हलायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. मामी म्हणायची, "घरात या माणसाचं बूड टेकत नाही, आणि तिकडे बसायचा पगार घेतो!"

एका मंगळवारी दुपारी बाजारातल्या घड्याळांच्या दुकानातून एक माणूस घड्याळांचा ट्रे उचलून पळाला. दुकानाच्या बाईंनी त्याला समोरून पाहिलं होतं. पुढे काही आठवड्यांनी मामा त्याच बाजारात चपलेला टाका घालून घेत उभा होता. बाई ओरडल्या, "हाच तो!" पोलिसांच्या ओळख परेडमध्येही त्यांनी रांगेतून मामालाच बाहेर काढलं.

बाई खोटारड्या नव्हत्या. त्यांना मनापासून तोच वाटत होता, आणि आमची खरी पंचाईत तिथेच होती. खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो. मनापासून चुकलेला माणूस कशाला अडखळेल?

मामा जामिनावर सुटला, पण शाळेने त्याला निकालापर्यंत घरी बसायला सांगितलं. शिक्षा झाली असती तर तुरुंग ठरलेला, आणि नंतर त्याला चौथऱ्यावर कुणी बसवलं नसतं.

आमच्या वकीलबाई तरुण होत्या. त्या घरी आल्या तेव्हा त्यांचाही चेहरा उतरलेला होता. "चोरीच्या वेळी हे वर्गात होते, असं मुलं सांगतील. पण सरकारी वकील विचारतील, तो मंगळवारच कशावरून? रोज बघता ना यांना? एक दिवस दुसऱ्यात मिसळला नसेल कशावरून?"

"मिसळेल कसा?" मामी आतून म्हणाली. "त्या दिवशी यांचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. दाढ ठणकत होती. नका जाऊ म्हटलं, तर म्हणे मुलांची परीक्षा आहे."

वकीलबाई ताडकन उठल्या. "मामी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं?"

मामाने गाल चाचपला. "अहो, दुसऱ्या दिवशी दाढच काढली. मग सूज उतरेपर्यंत रजेवर होतो."

आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं: त्या मंगळवारची डोकी शिल्लक होती का? कलाशाळेत डोकं तयार झालं, सरांनी पाहिलं, की ते मोडतात आणि तीच माती पुन्हा मळतात. मी आणि वकीलबाई धावतच शाळेत गेलो. सरांनी कपाट उघडलं. परीक्षेची डोकी म्हणून ती भट्टीत भाजून ठेवलेली होती! सगळीच्या सगळी!

सुनावणीच्या दिवशी आम्ही ती जुन्या चादरींत गुंडाळून बसने नेली. माझ्या मांडीवर मामाचं एक डोकं होतं आणि शेजारी खरा मामा. तो कुजबुजला, "जपून धर रे, नाक आधीच वाकडं केलंय पोरांनी."

कोर्टात वकीलबाईंनी दुकानाच्या बाईंना विचारलं, "चोराचे गाल कसे होते?"

"खप्पड. आत गेलेले."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी काय आंधळी आहे?"

मग दातांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, "बुधवारी सकाळी मी दाढ काढली. एवढी सूज काही तासाभरात येत नाही. आदल्या दिवशी गाल सुजलेलाच असणार."

त्यानंतर सर साक्षीला उभे राहिले आणि टेबलावर डोकी मांडली गेली. न्यायाधीशांनी चष्मा सरसावला. "हे काय आहे?"

"ओळख परेड, साहेब," वकीलबाई म्हणाल्या. "या वेळी मातीची."

चादरी निघाल्या. एकाचं नाक बटाट्यासारखं, एकाचे कान वरखाली, एक तर थेट घुबड. पण प्रत्येकाचा डावा गाल टम्म! कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनीही तोंडावर रुमाल धरला.

"मुलांनी थट्टा केली असेल," सरकारी वकील म्हणाले.

"माझ्या वर्गात?" सर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून गरजले. "मुलं विचारत होती, सर, गाल सरळ करू का? मी म्हटलं, खबरदार! समोर दिसतंय तेच करायचं."

न्यायाधीशांनी दुकानाच्या बाईंना पुन्हा बोलावलं. त्या एकेका डोक्यासमोर थांबल्या. मग मामाकडे वळल्या. त्यांचे शब्द स्वच्छ होते.

"नाही साहेब. असा गाल मी विसरले नसते. माझ्या दुकानात हे आले नव्हते. माझी चूक झाली."

सरकारी वकिलांनी समोरचे कागद मिटले. अंधाऱ्या खोलीतून दाराच्या चौकटीत आल्यावर नुसता उजेड दिसावा, तसं झालं मला.

निकालाच्या दिवशी "निर्दोष" हा शब्द कानावर पडताच विद्यार्थ्यांनी बाकं बडवली. शिपाई "शांत, शांत" करत स्वतःच हसत होता. मामी मात्र मोठ्याने रडली आणि मग रडताना कुणी पाहिलं म्हणून मामावरच डाफरली.

घरी जाताना मी रिक्षा थांबवायला निघालो. मामाने माझा हात धरला. "रिक्षा कशाला? बाजारातून चालत जाऊ."

"अहो, तिथे सगळे बघतील," मामी म्हणाली.

"बघू देत की!" मामाने कॉलर नीट केली. "निवांत बघू देत."

आणि आमचा मामा भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध, प्रत्येक दुकानासमोर पाऊल हळू करत चालला.