मुग्धाची जर्मन तोंडी आणि आमचा घेराव

माझ्या बहिणीची जर्मनची तोंडी परीक्षा आमच्या कुटुंबाने उधळायला घेतली होती, तरी ती झालीच. आमच्या घरात कोणतंही आंदोलन शेवटपर्यंत टिकत नाही.

मुग्धा तेव्हा बारावीत होती आणि खांदा कॉलनीत फडके मॅडमच्या वर्गाला जायची. तिथे अकरावी-बारावीच्या मुलांना थेट पदवीच्या पातळीचं जर्मन शिकवत आणि परीक्षाही पदवीचीच द्यायला लावत. पास झालं की पुढे पदवीला जर्मनचं पहिलं वर्ष माफ! मुग्धाला दुभाषी व्हायचं होतं, त्यामुळे तिने त्या परीक्षेचा ध्यास घेतला होता. मला मात्र ऐकताक्षणीच संशय आला. बारावीच्या पोरांनी पदवीची परीक्षा देण्यात हित कुणाचं? आमचे बाबा न्हावा शेव्याला बंदरातल्या गोदामात कामाला आणि कामगार संघटनेचे चिटणीस. मी अक्षरं गिरवली तीसुद्धा पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे 'हित कुणाचं?' हा प्रश्न मी दूधवाल्यालाही विचारत असे. (तो म्हणाला, "गिऱ्हाइकाचं." मग मी त्याच्यावरही नजर ठेवली.)

परीक्षा जवळ आली आणि मुग्धा रोज संध्याकाळी फोनवर जर्मन बोलायला लागली. पलीकडे बेलपाड्याचा निलेश म्हात्रे, तिच्याच वर्गातला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तोंडीचा सराव."

सराव? सराव पुस्तकातून करतात, फोनवरून नाही! मी तिचाच शब्दकोश घेतला आणि पडद्यामागे बसलो. शब्द सापडत गेले तसा मला घाम फुटत गेला. शनिवार. सकाळ. तिकीट. बॅग. आणि शेवटी स्पष्ट वाक्य: 'आईवडिलांना काही सांगायचं नाही.'

मी तडक बाबांकडे गेलो. बाबा पत्रक लिहीत होते.

"बाबा, मुग्धा पळून जातेय."

"कुणाबरोबर?"

"निलेश म्हात्रे."

"आंतरजातीय विवाहाला आपला जाहीर पाठिंबा आहे," बाबा सवयीने म्हणाले. मग पेन खाली पडलं. "अरे, पण ती सज्ञान नाही!"

आई भाजी निवडत होती. "तिलाच विचारा की सरळ!"

"पुराव्याशिवाय आरोप करणं आपल्या तत्त्वात बसत नाही," बाबा म्हणाले.

"आणि पडद्यामागे बसणं बसतं?"

बाबांनी पेन उचललं आणि पत्रक पुढे लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी बेत बदलला. आता रविवार आणि बोट! तिसऱ्या दिवशी डोंगर आणि तंबू. मग एकदम बर्लिन! मी बाबांना समजावलं, "हे सराईत आहेत. मागावर असणाऱ्यांना चकवतायत." बाबा रात्री उठून मुग्धाचा पासपोर्ट शोधायला लागले. तो तिने काढलेलाच नव्हता, हे त्यांना आणखी संशयास्पद वाटलं.

शुक्रवारी फोनवर पक्कं ठरलं: शनिवार सकाळ, निलेश एस.टी. स्टँडला उतरणार. शनिवारी मुग्धा "परीक्षेला जाते" म्हणून निघाली. (तोंडी परीक्षा! म्हणजे कागदावर पुरावा शून्य!) आम्ही तिच्या मागे गेलो नाही. ट्रक अडवला की माल आपोआप थांबतो, हा बाबांचा गोदामातला अनुभव. म्हणून आम्ही स्टँडवर दबा धरून बसलो. बाबांनी संघटनेचे चार गडीही आणले होते.

निलेश बसमधून उतरला तो नवा शर्ट घालून, हातात भली मोठी बॅग. आम्ही कडं केलं.

"बॅग उघड!" मी गरजलो.

त्याने उघडली. आत सुके बोंबील. वासाने दोन गडी तिथेच मागे सरले.

"आयशीने मॅडमला दिलेत," तो म्हणाला. "मना जाऊ द्या ओ, परीक्षा हाय माजी!"

"आणि बर्लिन? तंबू?"

"तो परश्न असतो ना! तोंडीला दोघांना एकत्र बसवतात नि कायतरी ठरवाला सांगतात. सहल, नाय तर पार्टी. आमी रोज नवीन ठरवतो."

"मग आईवडिलांना का सांगायचं नाही?" बाबांनी हुकमी पत्ता टाकला.

"त्या परश्नात त्यांच्या लग्नाचा वाडदिवस होता, काका. सांगितला तर मजा काय ऱ्हायली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोंबलांकडे पाहिलं.

"आन् मी नाय गेलो तर मुग्धाची पन तोंडी नाय होनार," निलेश रडकुंडीला आला. "जोडीदार लागतोच!"

त्यानंतर बाबांची स्कूटर जशी धावली तशी ती बनवणाऱ्या कंपनीनेही कधी धावताना पाहिली नसेल. मध्ये निलेश, मागे मी, माझ्या मांडीवर बोंबील. परीक्षा केंद्राच्या व्हरांड्यात मुग्धा उभी होती, डोळे लाल. मुंबईहून आलेले परीक्षक कागद आवरत होते.

"उशिरा आलेल्याला बसवता येत नाही," ते म्हणाले.

"विद्यार्थ्यांचा यात दोष नाही!" बाबांचा आवाज सभेचा लागला.

"मग याला अडवलं कुणी?"

मी छाती पुढे काढली. "समाजाने!"

"समाज म्हणजे हा, सर," मुग्धा म्हणाली. "माझा भाऊ. आणि ते माझे बाबा. मला घरी जाऊन यांच्याशीच बोलायचंय, पण आधी जर्मन बोलू द्या. प्लीज."

परीक्षकांनी आम्हा दोघांना नीट न्याहाळलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर मुग्धाबद्दल अपार सहानुभूती पसरली. "बसा दोघं," ते म्हणाले. "आणि समाजाला फाटकाबाहेर उभं करा."

दोघंही उत्तम गुणांनी पास झाले. मुग्धा माझ्याशी महिनाभर एका शब्दाने बोलली नाही, कोणत्याच भाषेत. फडके मॅडमनी बोंबील खाल्ले आणि निरोप पाठवला: पडद्याआडून एवढं कळत असेल तर मुलाला वर्गात बसवा. मी बसलो. माझी लेखी झाली, ऐकण्याची परीक्षाही झाली, आणि त्यात मी केंद्रात पहिला आलो. तोंडी मात्र राहूनच गेली. बेत ठरवायला माझ्याबरोबर बसेल असं अख्ख्या वर्गात कुणीच निघालं नाही. सगळ्यांना एकच शंका होती, हा घरी जाऊन सांगेल!