पाहुण्याला अंथरलेली गोधडी

माझी धाकटी जाऊ तानुबाई जन्माची भित्री. पाल चुकचुकली तरी "व माय!" म्हणून दचकायची. आमच्या शिरपूरकडच्या गावात तिच्यासारखी गोधडी कोणाला शिवता येत नाही, एवढंच काय ते तिचं नाव. चार बायकांत तोंड म्हणून उघडायची नाही.

कापूस खरेदीवरून रास्ता रोको झाला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्यात तिचा मोठा पोरगा भूषण गेला. पोरांनी त्याला मोटारसायकलवर घरी आणला. आम्ही शर्ट काढून जखमेत हळद दाबली, पण तो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. पोलीस म्हणाले, दगड घेऊन अंगावर आला. मेल्यांनो, मग शर्टाला भोक पाठीत कसं? पुढून शर्ट धड होता, मी या डोळ्यांनी पाहिलाय.

आमची वकीलबाई म्हणाली, "गोळीबाराची चौकशी प्रांतसाहेब करणार, त्यात आईला बोलायचा हक्क आहे. तो शर्ट तेवढा जपा." तर तानुबाई म्हणते, जाळून टाकला! मी तिला नाही नाही ते बोलले.

पण तिची भीती काही खोटी नव्हती. तिचा धाकटा दीपक पोलीस भरतीसाठी रोज सकाळी हायवेला पळायला जातो. एक हवालदार सारखा घरी यायचा. गोड बोलायचा. "मावशी, दंगलीच्या गुन्ह्यात अजून नावं वाढायची आहेत. आणि पोरगा रस्त्यावर पळतो ना? गाड्या फार भरधाव असतात, जपायला सांगा." तो गेला की तानुबाई दीपक परत येईस्तोवर उंबऱ्यावर बसून राहायची.

एकदा तो आला तेव्हा मी तिथेच होते. वैरी का असेना, दारी आलेल्याला उघड्या खाटेवर बसवायची आमची रीत नाही. मी घडवंचीवरची नवी गोधडी ओढली आणि अंथरली. तानुबाई कपबशी घेऊन आली ती दारातच थबकली. तो ऐसपैस बसला, चहा प्यायला, गोधडीवरून हात फिरवत म्हणाला, "टाके झकास घातलेत, मावशी."

तो गेला तशी तिने गोधडी ओढून उराशी धरली. "अक्का, शर्ट हाई गोधडीमाच शे." अगं बाई, मीच अंथरली होती की त्याच्या बुडाखाली!

चौकशीच्या दिवशी तिने गोधडी काखेत मारली. कचेरीच्या दाराशी तोच हवालदार उभा. टाके इतके बारीक की बोटांनी उसवेनात. शेवटी तिने दाताने दोरा तोडला. शर्ट निघाला. प्रांतसाहेबांनी पाठीतलं भोक निरखून पाहिलं, कारकुनाला लिहून घ्यायला लावलं आणि विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मला वाटलं, सुटलो बाई, आता उठेल. पण ती दाराकडेच बघत राहिली.

"साहेब, माले भ्याव वाटस," ती म्हणाली. "मना दीपक आज जित्ता शे. त्यान्हावर एक बी गुन्हा नही. हाई बी लिखी ल्या, आजनी तारीख टाकीसन."