पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

भावाचा फोन आला तेव्हा मी सोलापूरला दवाखान्यात ड्युटीवर होते. "ताई, काका गेले... पहाटं मैदानावर जायला बूट घालीत होते." एकच बूट पायात होता म्हणे. माझे हे चुलते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्या बुटांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

येडशीजवळच्या आमच्या वस्तीतल्या पोरापोरींना ते रोज भरतीसाठी पळवत. फुकट, आणि वर शिव्या. जो भरती होईल त्याचं नाव समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या रंगानं स्वतः लिहीत. आमच्या बौद्ध वस्तीतली, धनगरांची, मोमिनांची, लिंगायताच्या घरची एक दोन, सगळी नावं एकाखाली एक. पलटणीत तमिळ, पंजाबी, नागा सोबत्यांच्या पंगतीत जेवलेला माणूस तो. त्याला भिंतही तशीच हवी होती.

मग भरती लांबत गेली, जागा घटल्या, नोकरी चार वर्षांवर आली. शहरातल्या अकादमीत शिकलेली पोरं पुढं गेली आणि आमचं मैदान ओस पडत चाललं. मी मात्र हट्टानं पळत होते. एकदा म्हणाले, "काका, फौज लहान झाली तर बिघडलं कुठं? आता यंत्रं आलीत."

ते लई चिडले. "करा की लहान! पर जागा कमी झाल्या की पयला कोण गळतंय? आपलाच ना? उद्या तितं समदी एकसारकीच दिसतील. मग ह्या वस्तीचं नाव तितं सांगायला कोण राहील?"

माझी धाव वेळेत बसली त्या दिवशी त्यांना राहवेना. भिंतीवर माझं नाव पेन्सिलीनं लिहून मोकळे झाले. "निकाल लागला की रंग भरतो." मुलींच्या जागा आधीच मोजक्या, यादीत मी नव्हते, आणि पुढच्या भरतीपर्यंत वय उलटलं. मी नर्सिंगला गेले. काकांनी रंगही भरला नाही आणि नावही पुसलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, तर...

पहाटे साडेपाचला माझी झोप अजून मोडते. मैदानावर चल म्हणून काकांची हाक येईल, असं वाटून पडून राहते.

गेल्या आठवड्यात मी वस्तीवर गेले, तेव्हा समाजमंदिराला रंग द्यायला पेंटर आला होता. खिडकीत काकांचा निळा डबा होता, ब्रश वाळून कडक झालेला. निळी नावं सोडून पेंटरनं भिंत घासली आणि पेन्सिलीच्या नावापाशी थांबला.

"ही पोरगी भरती झाली न्हाय वाटतं. पुसू का?"

"न्हाय झाली," मी म्हणाले. "राहू द्या. अक्षर काकांचं हाय."