मेरीबाईंची द्राक्षं

काल पनवेलच्या बाजारात, भर ऑगस्टमध्ये, फळवाल्यानं द्राक्ष चाखायला दिलं. हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला.

माझ्या लहानपणी शेजारी मेरीबाई राहायच्या. अर्मेनियन, नवऱ्यामागे एकट्याच. त्यांच्या परसातल्या वेलाला पावसाळ्यात बारीक, आंबट द्राक्षं यायची. ऑगस्टमधल्या एका रविवारच्या सणाला चर्चमध्ये पाद्रींनी आशीर्वाद दिल्याशिवाय त्यातलं एकही तोंडात घालायचं नाही, ही त्यांच्यातली रीत.

एका वर्षी त्या मला एसटीनं मुंबईच्या त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. मेणबत्त्यांचा वास, रिकामे बाक, मांडीवर टोपली. आम्ही दोघी आणि रखवालदार, बस्स. कलकत्त्याहून येणारे पाद्री दिवसभर आलेच नाहीत. टोपली तशीच भरलेली परत आली.

"आता खाऊन टाका, नासतील नायतर," माझी आई म्हणाली.

"नासू देत. पाद्री पुढच्या वर्षी येतील."

काय हट्टी बाई, असं वाटून मी चिडले होते. आईनं मात्र ती द्राक्षं शिंकाळ्यात घालून आमच्या चुलीवर टांगली. आठवडे गेले आणि त्यांच्या काळ्या, धुरकट मनुका झाल्या. पुढच्या ऑगस्टला मेरीबाई त्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. पाद्री आले होते. परतल्यावर त्यांनी पहिली मनुका आईच्या हातावर ठेवली.

आज दोघीही नाहीत. मी फळवाल्याकडून अर्धा किलो द्राक्षं न चाखताच बांधून घेतली. रविवारी त्या चर्चमध्ये नेणार आहे. पाद्री नसले, तर मनुका करीन.