नानांनी परत आणलेला पाचवा माणूस

आज मंगळवार. आमचे नाना सकाळी सहाला गेले.
अकराला शिंदखेड्याला अंत्यविधी झाला. तीनपर्यंत मी धुळ्यात परत.

नाना आमच्या लॅबचे अटेंडंट. मी टेक्निशियन.
मी इथे फारसं लिहीत नाही. आज एक चूक सांगतो.

पुरुषांच्या गुप्तरोगांसाठी लघवीची झटपट टेस्ट आली आहे. पट्टीवर लगेच रिझल्ट. ती किती भरवशाची, हे आम्ही गेल्या वर्षीपासून मोठ्या मशीनच्या रिझल्टशी ताडून बघतोय.

तिला लघवीची पहिली धार लागते. नेहमीच्या तपासणीत पहिली सोडून मधली घेतात.

एका सकाळी मी सवयीने पाच जणांना सांगितलं, "सुरुवातीची सोडा, मग धरा."

पाचही निगेटिव्ह. मशीनलाही तेच नमुने जाणार. चूक कुणालाच कळली नसती.

दुपारी लक्षात आलं. रजिस्टर काढून फोन लावायला बसलो.

चौघांना लागले, ते परत नमुना देऊन गेले. पाचव्याने नंबर खोटा दिलेला. लाजेने देतात.
त्याची बायको गरोदर होती. आणि मी त्याला "काही नाही" म्हणून घरी पाठवलं होतं.

"नाना, काय करू?"
"तू डॉक्टर मॅडमले सांग. माणूस मी आणतो. तो कोणती गाडीमा बसना, माले माहीत शे."

ती गाडी जाते त्या गावच्या स्टँडवर नाना दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी तो दिसला. सोबत मेहुणा.

नाना मोठ्याने म्हणाले, "भाऊ, तुमनी साखरनी तपासणीनी बाटली आमना हातथून फुटनी. परत द्यावी लागी."
मेहुणा म्हणाला, "मग मनी बी साखर तपासा ना!"
"तुमी पहिले जिलेबी कमी करा, पाव्हना."

तो आला. नाना बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहून सांगत होते, "पहिलीच धार धरा. सोडू नका."

पट्टीवर दुसरी रेघ उमटली. पॉझिटिव्ह.
नवरा-बायको दोघांना वेळेत औषध मिळालं. बाळ धडधाकट आहे.

मॅडम माझ्यावर रागावल्या.  नाना मात्र त्या दिवसापासून रोज दाराबाहेर उभे राहायचे.
माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. मला भीती वाटते, हे त्यांना दिसायचं.

उद्या आठ पेशंट आहेत.

नाना, तुमचे उपकार फिटणार नाहीत. आता निवांत बसा.

घरी न जाता लॅब उघडली. कुणी नव्हतं.
पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पहिलीच धार धरा. सोडू नका."
बाथरूमच्या दारावर चिकटवलं. नीट चिकटलं का, ते दोनदा दाबून पाहिलं.